उमेदवार ‘वीज फुकट’ म्हणाला की आधी बिल काढा

आमच्या सांगोला तालुक्यातल्या प्रचारसभांत ‘हवामान धोरण’ हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. ऐकू येतं ते गारपीट, डाळिंबाचा विमा, टँकर, आणि सगळ्यांत जास्त वीज. पण म्हणून हवामानाचा प्रश्न निवडणुकीत नसतो असं कुणी समजू नये. पक्षांचं हवामान धोरण गावात येतं तेच मुळी विजेच्या आश्वासनांतून. फुकट वीज, दिवसा वीज, सौरपंप, छतावरचं सोलर, बिलात कपात ही सगळी त्याचीच रूपं.

मी वीज मंडळात बिलिंगला होते. 2005 मध्ये मंडळ मोडून कंपन्या झाल्या, मी निवृत्तही झाले, तरी गावात मी अजून ‘एमएसईबीच्या मॅडम’च आहे. निवडणूक लागली की लोक पत्रकं घेऊन ओट्यावर येतात. “मॅडम, हे खरं हाय का?” खरं-खोटं मला कुठून कळणार? उमेदवाराच्या पोटात काय आहे ते बिलात छापून येत नाही. हिशोब कसा घालायचा तेवढं मी सांगू शकते, आणि तेच इथे लिहिलंय. मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

साहित्य फार नाही. घरचं चालू महिन्याचं बिल, शेतीपंपाचं बिल असेल तर तेही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि उमेदवाराचं पत्रक. पत्रकाचा फोटो काढून ठेवा. निकालानंतर तो कागद शोधून सापडत नाही.

आधी स्वतःचं बिल वाचा

बहुतेक लोक बिलातला एकच आकडा वाचतात, खालचा. त्याच्या वर एक छोटा तक्ता असतो: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणायचा), इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. आश्वासन यातल्या नेमक्या कुठल्या ओळीवर आहे, हा पहिला प्रश्न.

महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटना 4 रुपये 71 पैसे आणि 101 ते 300 युनिटना 10 रुपये 29 पैसे दर होता. वहन आकार प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे. माझा वापर महिन्याला साधारण 150 युनिट. पहिल्या 100 चे 471, पुढच्या 50 चे 514 रुपये 50 पैसे, वहनाचे 175 रुपये 50 पैसे. झाले 1,161. स्थिर आकार सव्वाशेच्या थोडा वर, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. बिल गेलं 1,500 च्या जवळ. दर नंतर बदलले, पुढेही बदलतील. तुम्ही तुमच्या बिलातले चालू दर घाला, रीत तीच.

आता पत्रक उघडा. 2024 च्या विधानसभेला महायुतीनं वीजबिलात 30 टक्के कपात आणि सौर ऊर्जेवर भर, असं वचन दिलं. महाविकास आघाडीनं 300 युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना 100 युनिटचं बिल माफ, असं सांगितलं. दोन्ही ऐकायला गोड. पण 30 टक्के कशाचे? पूर्ण बिलाचे धरले तर माझे महिन्याला साडेचारशेच्या आसपास वाचतात. नुसत्या वीज आकाराचे धरले तर 296 रुपये आणि त्यावरचं शुल्क, म्हणजे साडेतीनशेसुद्धा नाहीत. शिवाय कपात कुठल्या वर्षाच्या दरातून मोजायची? दर आधी वाढला आणि मग त्यातून कपात झाली, तर आपण होतो तिथेच.

‘100 युनिट माफ’मध्ये तर आणखी मोठी गोम आहे. कुठले 100? पहिले, 4 रुपये 71 पैशांचे, की वरचे, 10 रुपये 29 पैशांचे? माझ्या बिलात यानं शेकड्यांचा फरक पडतो. आणि 300 ची रेघ ओलांडली तर काय? मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो, पाहुणे असतात, मीटर 310 दाखवतं. मग नुसते वरचे 10 युनिट महाग पडणार, की त्या महिन्याची पूर्ण माफी जाणार? बिलिंगमध्ये बसलेल्या माणसाला माहीत असतं, सगळी भांडणं या रेघेवरच होतात. मे महिन्यात खिडकीशी उभ्या राहणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार ‘रीडिंग उशिरा घेतलं म्हणून स्लॅब वर गेला’ हीच असायची.

राज्याच्या बाजूनंही एकदा हिशोब घालून बघा. 100 युनिटचे वीज आणि वहन आकाराचे 588 रुपये, गुणिले 12 महिने, म्हणजे एका घराचे वर्षाला 7,056 रुपये. अशी एक कोटी घरं धरली तर 7,056 कोटी रुपये. हा आकडा कागदावर लिहून उमेदवारासमोर ठेवा आणि एवढंच विचारा, की हे कुठल्या खात्यातून येणार?

फुकट विजेची पावती कुणाच्या नावावर फाटते

शेतीपंपांचा हिशोब यापेक्षा सोपा आहे, कारण आकडे सरकारनंच दिलेत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना 2024 च्या निवडणुकीआधी आली. 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, लाभार्थी सुमारे 44 लाख, वर्षाचा भार 14,760 कोटी रुपये. यातले 6,985 कोटी आधीपासूनच्या दरसवलतीचे होते आणि 7,775 कोटी नव्यानं वाढले. भागाकार करा. एका पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये.

आमच्या दादाची मोटर 5 एचपीची. एक एचपी म्हणजे 746 वॅट, त्यामुळे त्याची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते. दिवसाला 8 तास, वर्षात 150 दिवस चालली असं धरलं तर साडेचार हजार युनिट. सरासरी पंप असाच धरला, तर सरकार युनिटमागे सात-साडेसात रुपये घालतंय. हा ढोबळ हिशोब आहे, कुणाची विहीर दोन महिन्यांत आटते तर कुणाची मोटर बारमाही चालते. पण पुढचं समजायला तेवढा पुरतो. शिवाय पैसे देणारा आणखी एक आहे, तो पत्रकात कधीच नसतो. कारखान्यांचा आणि दुकानांचा दर मुद्दाम चढा ठेवून शेतीचा दर खाली ठेवला जातो, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. एमआयडीसीतला कारखानदार वीज महाग म्हणून कुरकुरतो ती यासाठी, आणि तुमचा पोरगा त्याच कारखान्यात कामाला असेल तर ती कुरकुर तुमच्याही घरापर्यंत येते.

इथे एक कायद्याचं कलम पाठ करून ठेवा. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 65. राज्य सरकारला कुणालाही राज्य वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्तात वीज द्यायची असेल, तर फरकाचे पैसे सरकारनं वीज कंपनीला आगाऊ द्यायचे असतात. म्हणून आश्वासन ऐकल्यावर विचारायचं, “अर्थसंकल्पात तरतूद किती, आणि किती वर्षांची?” बळीराजा योजनेची मुदत मार्च 2029 पर्यंत आहे. लोकसभा आणि विधानसभा दोन्ही 2029 मध्येच येणार. तेव्हा ही योजना पुन्हा पत्रकावर दिसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या वयाच्या माणसांना 2004 आठवत असेल. निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारनं शेतीला मोफत वीज जाहीर केली. काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी पुन्हा सत्तेवर आली, आणि 2005 मध्ये ती सवलत बंद झाली. बिलिंगच्या खिडकीवर त्या वर्षी आम्ही काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर पीक विमा घ्या. एक रुपयात विमा 2023 च्या खरिपात सुरू झाला, 2025 मध्ये बंद झाला. सुधारित योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा परत आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि आमच्या सोलापुरात सीनेकाठी पुरानं शेतं खरवडून नेली. हवामान धोरण निवडणुकीचा मुद्दा कसं होतं, याचं पुस्तकी उदाहरण शोधायला लांब जायला नको.

बिल शून्य, पण मोटर किती वाजता चालू होते?

गेल्या प्रचारात एक कार्यकर्ता दादाला म्हणाला, “आण्णा, बिल शून्य येतंय की आता, अजून काय पायजे?”

दादा म्हणाला, “बिल शून्य येतंय, पण लाइट रातच्याला येतीय. तू ये की एकदा माझ्याबरोबर दार मोडायला.” दार मोडायचं म्हणजे पाण्याची वाट एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायची.

शेतीच्या थ्री फेज लाइनचं वेळापत्रक असतं. दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास, आणि पाळी बदलत राहते. रात्रपाळी आली की बॅटरी, गमबूट, काठी. सापाचं भय तर असतंच, आता जुन्नरकडे, नगरकडे बिबट्याचंही आहे. म्हणून आश्वासनात ‘दिवसा’ हा शब्द आहे का ते बघा. माझ्या मते शेतकऱ्यासाठी तो ‘मोफत’पेक्षा मोठा आहे. आणि स्वच्छ ऊर्जेचं अर्थकारण नेमकं इथेच शेतकऱ्याच्या बाजूनं येतं, कारण सूर्य दिवसाच असतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला राळेगणसिद्धीपासून सुरू झाली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या शेतीच्या लाइनला, सोडायची. निविदांत दर 3 रुपयांच्या आसपास आले, आणि करार 25 वर्षांचे. एवढं स्वस्त का पडतं? सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. खर्च सगळा सुरुवातीला, पॅनेल, जमीन, तारा आणि कर्जावरचं व्याज. त्यामुळे दर पहिल्या दिवशी ठरतो आणि तसाच राहतो. कोळशाच्या विजेचं तसं नाही. कोळसा महागला की तो वाढावा तुमच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून येतो. त्यात प्रकल्प गावाशेजारी असला तर वीज लांबून आणायची नाही, वाटेतली गळतीही कमी.

आता मघाचे सात-साडेसात रुपये आणि हे तीन रुपये शेजारी ठेवा. फीडरचा, दुरुस्तीचा खर्च वर धरला तरी फरक मोठा उरतो. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्याला सोलर हवं असतं ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी थोडं आणि या फरकापोटी जास्त. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त ‘आम्ही निसर्गासाठी करतोय’ असं भाषण सुरू झालं की हा फरक आठवावा.

दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. 3 मेगावॅट, पाच गावं, 1,753 शेतकऱ्यांना दिवसा वीज. हे माप लक्षात ठेवा. तुमच्या भागात कुणी ‘दिवसा वीज आणतो’ म्हणाला, तर विचारा: कुठल्या सबस्टेशनला? किती मेगावॅट? जमीन ठरली का? आमच्या फीडरचं नाव यादीत आहे का? फीडरचं नाव तुम्हाला माहीत नसेल तर लाइनमनला विचारा, तो झोपेतही सांगेल. फीडर वेगळा केलेला नसेल, म्हणजे गावठाण आणि शेती एकाच लाइनवर असतील, तर प्रकल्प उभा राहूनही तुमची मोटर रात्रीच चालेल.

जमीन भाड्यानं देणाऱ्यांसाठी वेगळा हिशोब

एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. योजनेत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी 50,000 रुपये भाडं, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. प्रचारात हा आकडा ‘घरबसल्या उत्पन्न’ म्हणून सांगतात, आणि सांगोल्याच्या माळावर एकरी 50,000 वाईट नाहीतच. पण करार 25 वर्षांचा आहे. 3 टक्क्यांनी वाढत शेवटच्या वर्षी भाडं एकरी एक लाखाच्या जरा वर जातं, म्हणजे दुप्पट. महागाई 6 टक्क्यांनी वाढली तर त्याच काळात वस्तू चौपट होतात. आजच्या हिशोबानं शेवटचं भाडं पंचवीस हजारांचं उरतं. सही करायची नको असं मी म्हणत नाही. ज्या रानात बाजरीही धड येत नाही ते रान खुशाल द्या. डाळिंबाची चालू बाग काढून देऊ नका.

गायरानाचं प्रकरण आणखी नाजूक असतं. सरकारी जमीन या योजनेला चालते, आणि गावोगावी सरकारी मोकळी जमीन म्हणजे बहुतेक गायरान. कुंपण पडलं की शेळ्या-मेंढ्या कुठे न्यायच्या, हा प्रश्न ज्याच्या दावणीला आहे त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा नसतो. ग्रामपंचायतीला या योजनेत वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं मिळून 15 लाख मिळतात. निवडणूक ग्रामपंचायतीची असेल तर हे पैसे कशावर खर्च करणार, ते प्रत्येक पॅनेलला विचारा. चाऱ्याची सोय हे उत्तर आलं तर मला कळवा.

मेगावॅटनं भुलू नका

व्यासपीठावरून आकडे येतात ते मेगावॅटमध्ये, कारण ते मोठे दिसतात. सौर कृषी वाहिनीचं राज्याचं लक्ष्य 16,000 मेगावॅटपर्यंत नेलंय. ऐकून छाती दडपते. पण मेगावॅट ही ताकद झाली, वीज मोजायची ती युनिटमध्ये. एक मेगावॅट सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण 16 लाख युनिट देतो. तेवढ्याच ताकदीचा कोळशाचा संच 70 टक्के भारानं चालला तर 61 लाख देतो. म्हणून ‘देशातली निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म’ (म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून) हे जून 2025 पासून खरं आहे, आणि त्याच देशात तयार होणाऱ्या विजेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कोळशातून येतो हेही तितकंच खरं. दोन वक्ते दोन आकडे सांगतील, दोघंही खोटं बोलत नसतील.

कोळसा दिवसाही जळतो, पण त्याच्यावाचून खरं अडतं ते सूर्य मावळल्यावर. संध्याकाळी 6 ते 10, जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे एकदम चालू होतात. त्यासाठी साठवण लागते, बॅटरी नाहीतर दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे उदंचन प्रकल्प. आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प 2008 पासून आहे. स्वच्छ ऊर्जेबद्दल बोलणाऱ्या उमेदवारानं साठवणीबद्दल एक वाक्यही काढलं नाही, तर त्याचा अभ्यास दुपारी पाचला संपतो असं समजा. आणि ‘उद्याच कोळसा बंद’ म्हणणाऱ्याला चंद्रपुरात जाऊन ते बोलायला सांगा. तिथे 2,920 मेगावॅटचं केंद्र आहे. धूर आणि राख तिथल्या लोकांच्या छातीत जाते, आणि पगारही त्यांच्याच घरात येतो.

मिश्र करार असेल तर त्यातला कुठला भाग किती, ते सोलून बघा. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या दोन महिने आधी, महावितरणनं अदानी समूहाला 6,600 मेगावॅटसाठी इरादापत्र दिलं. त्यात 5,000 मेगावॅट सौर, बाकी औष्णिक, आणि मिळून दर युनिटला 4 रुपये 8 पैसे. सभांत यावर भरपूर धुरळा उडाला. एक बाजू म्हणे मेहेरबानी, दुसरी म्हणे स्वस्ताई. मतदारानं विचारायचं ते वेगळंच: सौर भागाचा दर किती, तो किती वर्षं स्थिर, कोळशाचा भाग कशाबरोबर वर-खाली होणार, आणि वीज उचलली नाही तरी काय द्यावं लागणार?

शेवटचा प्रश्न महाराष्ट्राला दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पानं शिकवला. 1995 च्या प्रचारात ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ ही घोषणा गाजली. शिवसेना-भाजपची सत्ता आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत आला, मे 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये मंडळानं ती घेणं थांबवलं, कारण परवडेना. वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि तेही डॉलरशी बांधलेले, असा तो करार होता. घोषणा समुद्राची होती, पैसे कलमात अडकले होते.

सौरपंप आणि छत: स्वतःच्या खिशाचे प्रश्न

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे 7.5. दिवसा पाणी, बिल नाही, ज्यांना कनेक्शनच मिळालेलं नाही त्यांना हा पंप वरदान आहे. उमेदवार ‘इतके हजार पंप बसवले’ म्हणतो तेव्हा विचारा, त्यातले चालू किती? पाच वर्षांची दुरुस्ती हमी आहे, पण पुरवठादाराचा माणूस तालुक्यात आहे का? आमच्या शिवारात एका पंपाचा कंट्रोलर जळाला, ऐन बहर धरायच्या वेळी. माणूस यायला इतके दिवस लावले की शेवटी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप ओढून झाडं जगवावी लागली. आणि पॅनेल पुसायचे असतात हे कुणी सांगत नाही. मळणीनंतर ज्वारीचा भुसा काचेवर बसतो, वर दव पडतं, आणि सकाळी त्याचा पापुद्रा होतो. बोटानं ओरखडलं की निघतो. दादा आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसतो, कडक उन्हात नाही, पहाटेच.

छताचं गणित असं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान. एक किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतं. विक्रेता मला 3 किलोवॅट गळ्यात मारत होता. महिन्याला 360 युनिट घेऊन मी करू काय, माझा वापर 150. मी 2 वर थांबले. सव्वा लाखाचं कोटेशन, 60,000 अनुदान, खिशातून 65,000. बिलात आता स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क उरतं, महिन्याला साडेतेराशेच्या आसपास वाचतात. चार वर्षांत पैसे वसूल.

पण समजा उद्या ‘100 युनिट मोफत’ खरंच आलं. मग माझी बचत अर्ध्यावर येईल आणि वसुली आठ वर्षांवर जाईल. 80 युनिट वापरणारी शेजारीण तर सोलरकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. एकाच पत्रकात छताला अनुदान आणि युनिटही फुकट असं दोन्ही दिसलं, तर त्यातलं एक दुसऱ्याचे पाय ओढणार आहे. हा प्रश्न मी ज्याला ज्याला विचारला त्यानं “ताई, अभ्यास करून सांगतो” म्हटलंय. पिंपरी-चिंचवडला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीचा प्रश्न आणखी वेगळा: छत सोसायटीचं, वीस घरांचे वीस विचार. आणि जास्त बिल भरणारे बंगलेवाले एकेक करून सोलरवर गेले, की तारांचा, ट्रान्सफॉर्मरचा खर्च उरलेल्यांवर पडणार. त्या उरलेल्यांत बहुतेक पत्र्याच्या घरातले.

कुणाला काय विचारायचं

जिल्हा परिषदेचा उमेदवार वीजदर कमी करतो म्हणाला तर हसून सोडून द्या, दर त्याच्या हातात नाही. खरं तर तो आमदाराच्याही थेट हातात नाही. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. आमदार सरकारकडून अनुदान मंजूर करून आणू शकतो, अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत. खासदाराला कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेबद्दल आणि सूर्यघरबद्दल विचारा. सरपंचाला जागेबद्दल, पथदिव्यांबद्दल आणि त्या 15 लाखांबद्दल. प्रश्न एका वेळी एकच, तोही आकड्याचा. “शेतकऱ्यांसाठी काय करणार?” विचारलं की भाषण मिळतं. “आमच्या फीडरला दिवसा वीज कुठल्या महिन्यापासून?” विचारलं की माणूस इकडेतिकडे बघायला लागतो आणि शेजारच्याला विचारतो, तिथेच तुम्हाला निम्मं उत्तर मिळतं.

निवडणुकीशिवायही एक दार उघडं असतं, तिथे गर्दी नसते. वीज कंपनी दरवाढ किंवा दरबदल मागते तेव्हा आयोग जाहीर सूचना काढतो, वर्तमानपत्रात येते, हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी फायली घेऊन येतात, ग्राहक संघटनांची चार जाणती माणसं येतात. शेतकरी क्वचित, घरातली बाई तर जवळपास नाहीच. हरकत मराठीत चालते. एका पानात लिहा: नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, याचिकेतल्या कुठल्या मुद्द्यावर हरकत आहे ते, आणि एक नेमकी मागणी. घरगुती ग्राहकानं 100 आणि 300 च्या रेघांबद्दल लिहावं, शेतीवाल्यानं वेळापत्रकाबद्दल. तारीख उलटू देऊ नका, आणि सुनावणीत स्वतः बोलायचं असेल तर हरकतीच्या पत्रातच तसं नमूद करा.